दारू सोडतोयस, तर आधी एवढं ऐक

भाऊ, सोडायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. पण सकाळपासून रोज घेणारा असशील तर घरी बसून एका झटक्यात बंद करू नको. दारू मेंदूला मंदावते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो, आणि दारू गेली तरी तो जोर लगेच उतरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जण बरळतात, नसलेली माणसं दिसतात. गावात याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात. नको बापा! यात जीव जातो. १०८ ला फोन करा, सरळ दवाखाना गाठा.

डॉक्टरांना किती पितो ते खरं सांग. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे म्हणून मोहफुलांची दारू पितोस हे लपवू नको. ब-१ जीवनसत्त्वाचं विचार; पिणाऱ्यांत ते कमी पडतं, त्यानं स्मृती कायमची जाऊ शकते. शौच काळी होत असेल, डोळे पिवळे असतील, तेही सांग. वहिनीला सोबत ने. तू बरळायला लागलास तर डॉक्टरांशी तिलाच बोलावं लागेल.