स्प्रिंकलरचा रिपेअर फिटर: ताई, पोराला हे काम सोडायला लावू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतो:

"सर, माझा पोरगा दहावी करून आयटीआय प्लंबर झाला. सहा वर्षं झाले तो बिल्डिंगीतल्या आगीच्या पाईपलाईनीचं काम करते, पहिले पुण्याले होता, आता दोन वर्षं झाले बुटीबोरीकडं दुरुस्तीवर हाये. गावात सांगतलं का स्प्रिंकलरचं काम करते तं लोक म्हणते हरभऱ्याले पाणी द्याचे स्प्रिंकलर काय, ते तं आपल्या वावरातबी हाये. कागदावर अजून हेल्परच लिवून हाये. एक एजंट म्हणते दीड लाख द्या, दुबईले पाठवतो, पंधरा हजार पोळ्याच्या आधी पायजे. त्याचा मामा म्हणते सहा महिन्याचा फायर सेफ्टीचा कोर्स कर, साहेब होशीन. पोरगी पाहाले गेलो तं प्लंबर म्हणून लोक परत पाठवते. काय करू, सांगा."

ताई, हरभऱ्याच्या स्प्रिंकलरपासूनच सुरू करतो, कारण मी आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा कास्तकाराची पोरं पहिल्या दिवशी हेच विचारायची, सर हे तर आमच्या वावरात आहे. वावरातला स्प्रिंकलर आपण चालू केला की चालू होतो, तुमचा पोरगा जो बसवतो तो छताला उलटा लटकून वर्षानुवर्षं नुसता वाट पाहत असतो, मागे पाईपात पाणी दाबून भरलेलं असतं आणि तोंडाशी एक बारीक काचेची नळी असते, त्यात रंगीत रसायन असतं, लाल असेल तर ६८ डिग्रीला, पिवळं ७९ ला, हिरवं ९३ ला ती काच फुटते आणि पाणी सुटतं. आणि सिनेमात दाखवतात तसं सगळे एकदम सुटत नाहीत, जिथं आग आहे तिथलंच हेड (म्हणजे छताला लटकलेलं ते तोंड) सुटतं, एखाद-दोन हेड. नेहमीच्या मापाचं एक हेड एक बार प्रेशरला मिनिटाला ८० लिटर पाणी टाकतं, म्हणजे चार-पाच गुंड पाणी एका मिनिटात नेमकं आगीच्या डोक्यावर, कोणी झोपेत असो की जागं. हे गावात असंच सांगा, लोकांना बरोबर समजतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात एक शब्द आहे जो तुम्ही सहज लिहून गेलात, "दुरुस्तीवर". माझ्यासाठी अख्ख्या पत्रात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. नवीन बिल्डिंगमध्ये पाईप चढवणारे फिटर भरपूर मिळतात, ठेकेदार मीटरवर नाहीतर पॉइंटवर रेट देतो, ड्रॉइंगप्रमाणे पाईप कापा, आटे पाडा, सुतळी-सफेदा नाहीतर टेफ्लॉन लावून कसा, पुढच्या मजल्यावर चला. ते काम सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात चूक झाली तर टेस्टिंगच्या वेळी सापडते, तेव्हा बिल्डिंग रिकामी असते. दुरुस्तीवाला मात्र चालू बिल्डिंगमध्ये जातो, खाली ऑपरेशन चालू आहे, मशिनी चालू आहेत, गोडाऊनमध्ये माल भरलेला आहे, आणि त्याला तिथली आगीची लाईन काही वेळ बंद करून काम करून परत जशीच्या तशी चालू करून द्यायची असते. तेवढा वेळ त्या बिल्डिंगची राखण त्या माणसाच्या अंगावर असते, हे लक्षात घ्या.

साधं एक गळकं हेड बदलायचं म्हटलं तरी बघा काय काय आहे. कंट्रोल रूमला सांगायचं, पंप ऑटोवरून काढायचे नाहीतर प्रेशर पडलं की मेन पंप धडाडून सुरू होतो, त्या मजल्याचा वॉल्व्ह बंद करायचा, लाईन ड्रेन करायची (ते काळं कुबट पाणी एकदा अंगावर पडलं की पोरगं जन्मभर विसरत नाही), मग त्या हेडच्याच पान्यानं हेड काढायचं, नवीन हेड त्याच डिग्रीचं, त्याच मापाचं, त्याच प्रकारचं पाहिजे, काढलेलं जुनं परत बसवायचं नाही. वेल्डिंग लागत असेल तर परमिट आणि बाजूला पाणी घेऊन उभा एक माणूस, कारण लाईन रिकामी असतानाच ठिणगी पडते. मग वॉल्व्ह हळूहळू उघडायचा, हवा काढायची, प्रेशर दाखवणारा गेज पाहायचा, पंप परत ऑटोवर टाकायचे, रजिस्टरला सही.

यातली सगळ्यात धोक्याची पायरी कोणती माहीत आहे का, वॉल्व्ह परत उघडणं. जगभरात स्प्रिंकलर असूनही आगीत पाणी आलं नाही अशा बहुतेक घटनांत कारण एकच निघतं, कोणीतरी वॉल्व्ह बंद केलेला आणि उघडलाच नाही. माझा एक जुना विद्यार्थी एका कापसाच्या गोडाऊनवर गेला होता, त्याला फक्त एक गेज बदलायचा होता, पण पोरानं सवयीनं सगळे वॉल्व्ह फिरून पाहिले तर एका बाजूचा पूर्ण बंद. आधीचे लोक काम करून गेले होते आणि तेव्हापासून अर्ध्या गोडाऊनला पाणीच नव्हतं, वर हेड सगळे चकाचक दिसत होते. त्यानं रात्री मला फोन केला, आवाज थरथरत होता, म्हणाला सर, आत गठाणी छतापर्यंत होत्या. आपल्याकडं कापसाची आग काय असते हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, वरून विझल्यासारखी दिसते आणि गठाणीच्या पोटात धुमसत राहते. त्या पोराला त्या दिवशी कोणी हार घातला नाही, पण मी आजही नवीन पोरांना त्याचंच सांगतो.

आणि आपल्या विदर्भात तर अजून एक गोष्ट, ऊन. हेडची डिग्री त्या जागेच्या जास्तीत जास्त तापमानापेक्षा निदान तीसेक डिग्रीनं वर ठेवायची असते. मे महिन्यात बाहेर ४६-४७ असतं तेव्हा टिनाच्या शेडखाली छताजवळ किती होत असेल, तिथं कोणी ६८ चं लाल हेड लावून गेला असेल तर उन्हाळ्यात विनाकारण फुटून माल भिजायची भीती, मग मालक चिडून लाईनच बंद करून ठेवतो. तिथं पिवळं नाहीतर हिरवं पाहिजे हे अनुभवी माणूस वर पाहूनच सांगतो. पेंटरनं छतासोबत हेडही रंगवून टाकलंय, तेही तोच पाहतो, रंग लागलेलं हेड पुसत बसायचं नाही, बदलायचं.

तुमच्या पोराला एक प्रश्न विचारा, म्हणजे तो खरंच किती तयार झालाय ते कळेल, चांगल्या कंपनीत इंटरव्ह्यूला हाच विचारतात. जॉकी पंप दर पाच मिनिटाला चालू होतोय, काय करशील? जॉकी म्हणजे तो छोटा पंप, लाईनमध्ये थोडं प्रेशर पडलं की भरून काढतो, एरवी गप असतो. कच्चा माणूस म्हणेल पंप खराब आहे, बदला. पक्का माणूस म्हणेल पाणी कुठंतरी जातंय, पहिले एकेक झोनचा वॉल्व्ह बंद करून पाहतो प्रेशर कुठं टिकतं कुठं नाही, ड्रेन आणि टेस्टचे वॉल्व्ह पासिंग आहेत का, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतायत का, हात लावून पाहतो, मेन पंपाचा एनआरव्ही (पाणी एकाच बाजूला जाऊ देणारा वॉल्व्ह) मागं पाणी सोडतोय का पाहतो, जमिनीतली लाईन फुटली असेल तर ओल कुठं आहे पाहतो, आणि कुठंच काही नाही मिळालं तर प्रेशर स्विचची सेटिंग. त्यानं असं क्रमानं सांगितलं तर ताई तुमचा पोरगा हेल्पर नाहीये, कागद काहीही म्हणो.

आणि हे काम संपणारं नाही. बांधकामाची लाईन मंदी आली की बसते, दुरुस्तीची बसत नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे, त्यात मालकाला दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. तो फॉर्म खरा भरायचा तर कोणीतरी पान्याचा माणूस तिथं जाऊन वॉल्व्ह फिरवून, पंप चालवून, डिझेल पंपाची बॅटरी पाहून आलेला पाहिजे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० बाळं गेली, त्यानंतर फायर ऑडिट हा शब्द आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. ती बातमी ऐकली त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. तेव्हापासून कोणी पोरगा म्हणाला की मी आगीच्या लाईनीवर काम करतो तर मी त्याला खुर्ची देतो आधी.

आता कागद. खरी अडचण इथं आहे, एजंटमध्ये किंवा कोर्समध्ये नाही. सहा वर्षांचा अनुभव पोराच्या हातात आहे आणि कागदावर हेल्पर. हे ठेकेदारी कामात नेहमी होतं, पोरं मागत नाहीत, ठेकेदार देत नाही. त्यानं आताच्या ठिकाणी नीट शब्दांत अनुभवपत्र मागावं, पद "स्प्रिंकलर फिटर, दुरुस्ती व देखभाल", कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या प्रकारच्या यंत्रणेवर. पगाराच्या स्लिपा जपून ठेवाव्या, पीएफचा यूएएन नंबर चालू आहे का आणि पैसे खरंच भरतात का ते मोबाईलवर पाहावं, पगार महिन्याला २१ हजारापर्यंत असेल आणि त्या ठिकाणाला ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल तर ते कार्डही हातात पाहिजे, उंचीवरचं काम आहे, उद्या पाय घसरला तर तेच कामी येतं.

आणि एक वही. साधी शंभर पानी. प्रत्येक कामाची तारीख, जागा कसली (दवाखाना, मॉल, गोडाऊन, पॉवर हाऊस), तक्रार काय होती, कारण काय सापडलं, कसं सापडलं, काय केलं, शेवटी गेज किती दाखवत होता. चार ओळी पुरे. पुढच्या इंटरव्ह्यूत ही वही टेबलावर ठेवली ना, तर समोरचा इंजिनियर ती वाचत बसतो, मी हे स्वतः पाहिलंय. सोबत ड्रॉइंग वाचणं आणि पंपाचं पॅनल समजून घेणं शिकायचं, जिथं पॅनलवाला इलेक्ट्रिशियन येतो तिथं बाजूला उभं राहायचं. स्प्रिंकलरचं भारतीय मानक आयएस १५१०५ आहे, ते कोणाकडं मिळालं तर हळूहळू वाचावं, इंग्रजी आहे पण आकडे आणि आकृत्या त्याला समजतील, तो ते काम रोज करतोय.

मामांना माझा नमस्कार सांगा, त्यांना भाच्याचं भलंच करायचंय. पण सहा महिन्याच्या खाजगी कोर्सनं कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर होत नाही, त्याला डिग्री किंवा डिप्लोमा आणि वरून सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा लागतो. नागपूरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज मोठी संस्था आहे, १९५६ पासून, पण ते अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचं आणि फायर इंजिनियरिंगचं शिक्षण, वेगळी वाट आहे. सहा वर्षांचा हात सोडून पोरगा तिकडं गेला तर परत शून्यावर.

दुबईला माझी ना नाही. गेलेली पोरं चांगली कमावतात, उंच बिल्डिंगींची दुरुस्ती शिकून येतात. पण दीड लाख कशाचे? परदेशी कामाला पाठवणाऱ्या नोंदणी असलेल्या एजंटला माणसामागं जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसली पाहिजे, नाव नाही सापडलं तर विषय बंद. करारावर आणि व्हिसावर पद फिटर आहे की लेबर हे पाहा, तिथं गेल्यावर ते सहज बदलत नाही. नोंदणी सापडली तरी वही आणि अनुभवपत्र झाल्यावर जावं, तेव्हा तो फिटर म्हणून जाईल, आज गेला तर इथला हेल्पर तिथंही हेल्परच.

काम कष्टाचं आहे हे लपवत नाही. रात्रीचं शटडाऊन, दिवाळीत इमर्जन्सी, मान वर करून करून खांदे धरतात. लग्नाचं जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी पाहुणे आले की पोराला गप्प बसवू नका, त्यालाच सांगू द्या की दवाखान्यात आग लागली तर पाणी येईल का नाही हे मी पाहतो. आणि पोरीशी त्याला बोलू द्या, रात्री-बेरात्री फोन येतो, जावं लागतं, हे तिला आधीच माहीत असलेलं बरं.

पोळ्याला घरी येतोच ना तो? बैलं गावातून फिरून आली, पुरणपोळी झाली की त्याला बसवा, वही तुम्हीच आणून ठेवा, आणि आठवतील ती जुनी दहा कामं लिहून घ्या. तो बोलेल, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर छान आहे. पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा, अनुभवपत्राचा मजकूर मी त्यावरून लिहून देतो. आणि ते पंधरा हजार तोपर्यंत घरातच राहू द्या.