गाईच्या दगडीवर (कासदाहावर) प्रतिजैविकासोबत ओव्याचे तेल वापरता येते का?

प्रयोगशाळेत या जोडीला चांगला आधार मिळाला आहे, पण गोठ्यातील नेहमीचा उपचार म्हणून ती अजून सिद्ध झालेली नाही. ओव्याच्या तेलातील थायमॉल जिवाणूंचे पेशीपटल खिळखिळे करते, त्यामुळे प्रतिजैविकाला आत शिरणे सोपे जाते आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या चिवट जिवाणूवरही काही वेळा त्याची कमी मात्रा पुरते. मात्र दुधातील स्निग्धांश व प्रथिने तेलाला बांधून ठेवतात, म्हणून काचेच्या बशीत दिसलेला परिणाम कासेत तितका उतरत नाही. घरचे तेल सडात मुळीच सोडू नये. आतील नाजूक अस्तराचा दाह वाढतो. पहिली धार गडद भांड्यात काढावी आणि गाठी दिसल्यास औषध देण्यापूर्वीच दुधाचा नमुना पशुवैद्यकांकडे तपासणीस द्यावा.