रिसेप्टरची रचना बदलली तर न्यूरॉनच्या वाढीवर खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न असा की रिसेप्टरचं (पेशीच्या पडद्यात बसलेल्या प्रोटीनचं) काम फक्त सिग्नल पकडायचं, मग त्याची रचना कशी आहे याने न्यूरॉनला, म्हणजे चेतापेशीला, काय फरक पडणार? खूप पडतो हो. मी दादरला बीएस्सीच्या मुलांच्या ट्युशन घेतो, तिथे पण हे विचारतातच, कारण पुस्तकात कुलूप-किल्लीचं चित्र (रिसेप्टर म्हणजे कुलूप, त्यात बसणारा रेणू म्हणजे किल्ली) दाखवून विषय संपवतात. ते चित्र रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या भागापुरतं ठीक आहे, खरी गंमत आतल्या भागात आहे.

एनजीएफ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, न्यूरॉनला वाढवणारं प्रोटीन घ्या, ज्यासाठी रिटा लेव्ही-मोंतालचिनी आणि स्टॅन्ली कोहेनना १९८६ चं नोबेल मिळालं. एनजीएफचा रेणू जोडीचा असतो, तो ट्रक-ए नावाचे दोन रिसेप्टर जवळ आणतो, मग त्यांचे आतले कायनेज (फॉस्फेट लावणारे एन्झाइम) भाग एकमेकांवर फॉस्फेट लावतात आणि तिथून पुढे जी साखळी सुरू होते त्यावर न्यूरॉन जगतो, वाढतो. पण तोच एनजीएफ पी-७५ या दुसऱ्या रिसेप्टरलाही चिकटतो, आणि त्याच्या आत कायनेज नाहीच, डेथ डोमेन म्हणजे पेशीला मरायचा सिग्नल देणारा भाग आहे, त्यामुळे जवळ ट्रक-ए नसेल तर पेशी मरूही शकते.

ट्रक-ए जन्मापासून बिघडलेला असेल तर वेदना जाणवणारे न्यूरॉन गर्भातच टिकत नाहीत. अशा मुलांना दुखत नाही, जीभ चावली तरी कळत नाही, आणि घामही येत नाही. मुंबईच्या मे महिन्यात आपण घामाला शिव्या घालतो, त्या मुलांना तो न आल्याने जिवावर बेतणारा ताप चढतो.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९९९ चा, फळमाशीवर केलेला (आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येही फळमाशीच्या मज्जासंस्थेवर खूप काम झालंय). माशीत फ्रॅझल्ड हा रिसेप्टर ॲक्झॉनला (न्यूरॉनच्या लांब धाग्याला) नेट्रिन या प्रोटीनकडे ओढतो आणि रोबो हा रिसेप्टर त्याला स्लिट या प्रोटीनपासून लांब ढकलतो. प्रयोग करणाऱ्यांनी काय केलं, बाहेरचा भाग फ्रॅझल्डचा ठेवला आणि आतला रोबोचा जोडला, तर तेच ॲक्झॉन नेट्रिनपासून पळायला लागले! उलटी जोडणी केली तर स्लिटकडे ओढले गेले. म्हणजे कोणता रेणू पकडायचा ते बाहेरचा भाग ठरवतो, पण जवळ जायचं की लांब पळायचं ते आतला. परीक्षेत हा प्रश्न आला तर कुलूप-किल्ली दोन ओळीत उरका आणि हा प्रयोग नीट लिहा.