प्रिंटर एक, पीसी पाच

प्रश्न : आमचं सांगलीत टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. पाच पीसी आणि एकच यूएसबीवाला लेझर प्रिंटर, तो सरांच्या पीसीला जोडून शेअर केलाय. सर बाहेर गेले आणि पीसी बंद करून गेले की आमची बोंब, मग पेनड्राइव्ह घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळायचं. कॉम्प्युटरवाला म्हणतो प्रिंट सर्व्हर घ्या. सर्व्हर म्हटलं की मला एसी रूममधलं कपाटच दिसतं! काय भानगड आहे ही?

उत्तर : कपाट वगैरे काही नाही हो, तळहातावर मावेल एवढी डबी असते, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला लॅनची, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कची, केबल लावायचं पोर्ट आणि सोबत एक ॲडॉप्टर, बस्स. आणि खरं सांगू का, प्रिंट सर्व्हर तुमच्याकडे आत्ताही आहे, सरांचा पीसी तेच काम करतोय, फक्त तो संध्याकाळी घरी जाणारा सर्व्हर आहे.

यूएसबीची गंमत अशी की प्रिंटरला एका वेळी एकच मालक. ती मालकी पीसीकडून काढून डबीला द्यायची आणि डबी स्विचला नाहीतर राउटरला जोडायची, मग तिला स्वतःचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळतो आणि पाचही पीसी थेट तिच्याशी बोलतात. पान प्रिंटरच्या भाषेत बदलायचं काम त्या त्या पीसीतला ड्रायव्हरच करतो, म्हणून ड्रायव्हर पाचही ठिकाणी टाकावा लागतो, डबी निव्वळ पोस्टमन, आलेलं पाकीट न फोडता पुढे ढकलते. विंडोजमध्ये प्रिंटर ॲड करताना टीसीपी/आयपी पोर्ट निवडायचं, डबीचा आयपी टाकायचा, बहुतेक डब्या रॉ मोडमध्ये ९१०० पोर्टवर ऐकतात (हे पोर्ट म्हणजे केबलचं नव्हे, सेटिंगमध्ये टाकायचा नंबर), काहींना एलपीआर ही दुसरी पद्धत लागते, म्हणजे ५१५ पोर्ट आणि वर क्यूचं, म्हणजे प्रिंटच्या रांगेचं, नाव, ते डबीच्या मॅन्युअलमध्ये सापडतं. दोघांनी एकदम प्रिंट दिली तर दुसऱ्याचं काम त्याच्या पीसीच्या क्यूमध्ये थांबतं.

आता खरी मेख. स्वस्तातल्या बऱ्याच जुन्या लेझर प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं, सगळा विचार पीसी करतो, काही तर चालू केले की दरवेळी पीसीकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्रॅम, मागून घेतात. पोस्टमनकडून ते कुठून मिळणार! लाइट लुकलुकत राहतो, कागद काही येत नाही. ऑल-इन-वन असेल तर प्रिंट येईल पण स्कॅनर चालेलच असं नाही. त्यामुळे डबीच्या कंपनीच्या चालणाऱ्या मॉडेलच्या यादीत तुमचा प्रिंटर आहे का ते आधी बघा, आणि नाही चालली तर परत घेणार का हे पैसे द्यायच्या आधीच विचारा. राउटरच्या मागे यूएसबी आहे तिथेच लावू का, असंही बरेच जण विचारतात, तर राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंट सर्व्हर असा ऑप्शन दिसला तरच लावा, बऱ्याचदा ते पोर्ट फक्त पेनड्राइव्हपुरतं असतं.

जोडल्यावर महिनाभराने फोन येतो तो 'प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय' असा. दहातल्या आठ वेळा लाइट गेलेली असते, राउटर परत चालू होताना डबीला नवीन आयपी देतो आणि पीसी बिचारे जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतात. म्हणून राउटर आयपीचे शेवटचे आकडे १०० ते १९९ पर्यंतचे वाटत असेल तर डबीला १९२.१६८.१.५० असा त्या आकड्यांबाहेरचा, न बदलणारा पक्का आयपी द्या (पहिले तीन आकडे तुमच्या राउटरचे जे असतील ते) आणि डबीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

प्रिंटर म्हातारा झाला असेल तर मात्र डबीत पैसे घालू नका, नवा घेताना लॅन पोर्टवालाच घ्या, त्याच्या पोटात हीच डबी असते. तोपर्यंत सरांच्या पीसीचं स्लीप बंद करा आणि त्यांना सांगा, जाताना फक्त मॉनिटर बंद करा, सीपीयूला हात नको.