आईला डिस्कॉइड ल्युपस आहे आणि माझं लग्न ठरतंय. मलाही एसएलई होईल का? जनुकीय तपासणी करून घेऊ का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. डिस्कॉइड म्हणजे त्वचेवर चट्टे आणणारा ल्युपस, एसएलई म्हणजे सर्वांगाचा. हा प्रश्न ओपीडीत बहुतेक वेळा पेशंटची मुलगीच विचारते, तेही आई बाहेर गेल्यावर. तुम्हाला कसलाच त्रास नसेल तर ही तपासणी करू नका. लग्नासाठी तर मुळीच नको.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. 1992च्या एका अभ्यासात एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकाला एसएलई असताना दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण 24 टक्के निघालं, दोन बीजांच्या जुळ्यांत 2 टक्के. म्हणजे जनुकं जवळजवळ हुबेहूब असूनही चारांतल्या तिघांच्या जुळ्या भावंडाला आजार नव्हता! ऊन, धूम्रपान, हार्मोन, काही औषधं यांचाही त्यात हात असतो.

टीवायके2 आणि आयआरएफ5 ही एसएलईशी जोडलेली जनुकं 2010 मध्ये फिनलंडच्या रुग्णांत डिस्कॉइडशीही जोडलेली आढळली. त्वचेचा आणि सर्वांगाचा ल्युपस आतून असे नात्यातले आहेत. पण अशी जनुकं डझनावारी आहेत, बहुतेक जनुकं जोखीम थोडीशीच वाढवतात आणि निरोगी माणसांतही ती सर्रास असतात. रिपोर्ट हातात आला तरी त्यावरून तुमचं काही ठरत नाही.

एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा ल्युपस मात्र वेगळा. सी1क्यू हे प्रथिन जन्मतः नसेल तर बहुतेकांना ल्युपस होतो. ट्रेक्स1 या जनुकाच्या बिघाडात थंडीत बोटांवर, कानांवर जांभळट, दुखऱ्या गाठी येतात आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. 2022 मध्ये स्पेनमधल्या एका मुलीच्या टीएलआर7 जनुकात एकच अक्षर बदललेलं सापडलं. तिला सातव्या वर्षीच निदान झालं होतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि बायकांत एक्स दोन असतात. ल्युपसच्या दहांतल्या नऊ रुग्ण बायका का, याचा एक धागा तिथे मिळतो, आणि हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. इतक्या लहानपणी सुरू झालेला किंवा घरात अनेकांना असलेला ल्युपस असेल तर जनुकीय तपासणी जरूर करावी.

ल्युपससाठी करतात ती एएनए ही रक्ततपासणीही उगाच करू नका. रक्त 1:80 इतकं पातळ करून तपासलं तर ती सुमारे 13 टक्के निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येते, मग घरभर झोप उडते. उन्हात गेल्यावर गालांवर लाली येते आणि नाकाच्या कडेची घडी तेवढी कोरी राहते, तोंडात, वरच्या टाळूला न दुखणारे व्रण येतात, सकाळी बोटं आखडतात, लघवीला फेस येतो, असं काही झालं तर लगेच दाखवा.

आणि आईकडे लक्ष द्या. त्यांच्या कानाच्या खोलगट भागात काळपट ठिपक्यांनी बुजलेली छिद्रं, खपल्या दिसतात का बघा. नवा चट्टा तिथे सहज नजरेतून सुटतो. डिस्कॉइडचा एसएलई थोड्याच जणांत होतो, पण होतो, म्हणून रक्ताचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवीतली प्रथिनं डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने तपासायची असतात. चट्टे विरले की हेच आधी बंद पडतं. लघवीची तपासणी शेवटची कधी झाली, ते त्यांना आजच विचारा.