लहान मुलांच्या सिनेमातली शिकवण मुलांपर्यंत खरंच पोहोचते का?

पोहोचते, पण मुलाला त्यात स्वतःचं काही दिसलं तर. 'श्यामची आई' (1953) घ्या. तो ज्यांच्या पुस्तकावर आहे ते साने गुरुजी आमच्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते, त्या प्रसंगाला आमच्या वाडीतली पोरं सावरून बसतात. मे महिन्यात पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीच्या काठावर तीही तशीच लटपटलेली असतात ना! 'एवढं मारलंन, मग आई रडली कशाला?' हे त्यांनाच सुचतं. उपदेश सुरू झाला की मात्र चुळबुळ. म्हणून सिनेमा संपल्यावर 'काय शिकलास?' अजिबात विचारू नका. 'तू उडी मारली असतीस का?' एवढंच विचारा, आणि 'नाही' म्हणाला तरी रागावू नका.