आकडे मोठ्याने म्हणा

इंग्रजीत आकडे बोलायला शिकायचं तर नुसतं वन टू थ्री पाठ करून काही होत नाही बरं का, त्यापेक्षा इन्शुरन्सचे खरे आकडे घे आणि मोठ्याने बोल. स्विस री आणि म्युनिक री या विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या दोन कंपन्या; स्विस री 1863 ची, म्युनिक री 1880 ची, मग म्हण 'स्विस री इज सेव्हन्टीन इयर्स ओल्डर दॅन म्युनिक री', मग उलटं करून यंगर लावून म्हण. सेव्हन्टीन आणि सेव्हन्टी मध्ये जोर कुठे पडतो ते नीट ऐक, तिथेच सगळे अडकतात.

आणि टक्के! प्रीमियमचा रेट 5 टक्क्यांवरून 6 टक्के झाला तर ती वन पर्सेंटेज पॉइंटची वाढ, पण प्रीमियम वाढला ट्वेंटी पर्सेंट. हे दोन्ही वेगवेगळ्या वाक्यात बोलून बघच. दहा लाखाला वन मिलियन, एक कोटीला टेन मिलियन, हे मात्र पाठच कर.